आज अमावस्या, उद्या या

मराठी माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणणे जड जाते. उसने पैसे मागायला आलेल्या मेहुण्याला तो नाही म्हणत नाही, वर्गणीची पावती फाडणाऱ्या मंडळाच्या पोरांना म्हणत नाही, आणि पानात चौथी पुरणपोळी टाकणाऱ्या मामींना नाही म्हणून पाहणाऱ्यांचे पुढे काय झाले ते आपण जाणतोच. अशा भिडस्त समाजाची अडचण ओळखून वाडवडिलांनी महिन्यातून एक दिवस राखून ठेवला. त्या दिवशी काहीही नाकारता येते, काहीही पुढे ढकलता येते, आणि समोरचा रागावत नाही. उलट तोच ओशाळतो. "अरे हो, आज अमावस्या नाही का! माझ्या लक्षातच राहिले नाही."

जागा बघायला जायचे आहे? अमावस्या झाल्यावर. गाडीचा ताबा, मुलगी पाहण्याचा कार्यक्रम, दुकानाचे उद्घाटन, राजीनाम्याचे पत्र, सगळ्याला तेच उत्तर. डॉक्टरांनी सांगितलेले पहाटेचे फिरणेसुद्धा अमावस्या उलटल्यावरच सुरू करायचे असते. ते पौर्णिमेपर्यंत टिकत नाही, पण त्याचा दोष चंद्राला देता येणार नाही.

या सोयीचा सर्वांत सुंदर वापर बांधकामातले मिस्त्री करतात. न्हाणीघराच्या फरश्या बदलायच्या म्हणून मी आमच्या मिस्त्रींना विचारले, "मिस्त्री, सोमवारी हात लावू या का?"

"सोमवारी नको साहेब. सोमवारी अवस लागतीया."

"मग मंगळवारी?"

"मंगळवारी अवस हायेच की."

"बुधवारी?"

"बुधवारी सुटतीया. सुटत्या अवसंला हत्याराला हात लावत न्हाईत."

"गुरुवारी तरी?"

"गुरुवारी येतो की!" मिस्त्री मोठ्या मनाने म्हणाले. मग थोडे थांबून, "पर गुरुवारी आमच्याकडं बाजार असतो."

पंचांगातली कोणतीही तिथी साधारण २० तासांपेक्षा लहान आणि २७ तासांपेक्षा मोठी नसते. मिस्त्रींची अमावस्या तीन दिवसांची, वर बाजाराचा एक दिवस. पंचांगकर्त्यांनी कधीतरी या शाखेचाही अभ्यास करायला हवा.

पण मिस्त्रींच्या बाजूनेही काही बोलण्यासारखे आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी काही वर्षे झगडल्यानंतर. रविवार हा खंडोबाचा वार, असेही त्या मागणीच्या बाजूने सांगितले गेल्याचे वाचायला मिळते. हा रविवार कारकुनांना, मास्तरांना आणि बँकांनाही लाभला. सुतार, लोहार, गवंडी आणि औत हाकणारा कुणबी यांच्यापर्यंत तो कधी पोचलाच नाही. त्यांच्याकडे आधीपासून अवस होती. कित्येक गावांत अवसेला बैल जुंपत नाहीत, सुतार वाकसाला शिवत नाही, लोहाराचा भाता थंड असतो. माझा आपला वहीम असा की, हे सगळे कुणातरी हुशार मजुराने रचलेले असणार. ‘महिन्यातून एक दिवस बैलाला आणि मला विश्रांती द्या’ असे सरळ सांगितले असते तर मालकाने हाकलून दिले असते. ‘जुंपलात तर वाईट होईल’ म्हटल्यावर मालकानेच गोठ्याला कडी घातली. कामगार कायद्यांना इतक्या कमी शब्दांत इतके यश कधी मिळालेले नाही.

आता अमावस्या म्हणजे काय, हेही एकदा पाहून घेऊ. सूर्यापासून चंद्र बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. अशा तीस तिथींचा महिना. त्यातली तिसावी अमावस्या. चंद्र सूर्यापासून बारा अंशांवर मागे येऊन पोचला की ती लागते आणि दोघांची गाठ पडली की संपते. खरी गोम इथे आहे. चंद्र पुरता लपतो तो क्षण म्हणजे अमावस्येचा शेवटचा क्षण. घरोघर ‘सुटली एकदाची!’ म्हणून ज्या मिनिटाला निःश्वास सोडला जातो, नेमक्या त्याच मिनिटाला चंद्राचे तोंड आपल्यासाठी सर्वांत काळे असते. त्याच वेळी त्याच्या पाठीवर टळटळीत दुपार असते, पण ती बाजू आपल्याला दिसत नाही.

यातून भुतांच्या कामकाजाविषयीही काही प्रश्न उभे राहतात. समजा अमावस्या पहाटे पाचला सुटली. आदल्या रात्री पिंपळाखालून जायची कुणाची छाती नव्हती. पुढची रात्र प्रतिपदेची. आकाश तितकेच काळे, कारण प्रतिपदेची कोर सहसा दिसतच नाही. तरी त्या रात्री माणसे शीळ घालत त्याच पिंपळाखालून जातात. भुते अंधार पाहून बाहेर पडत नाहीत, तिथी पाहून पडतात, एवढे यावरून सिद्ध होते. वेगवेगळ्या पंचांगांत काही मिनिटांचा फरक असतो. पिंपळावर त्यांतले कोणते प्रमाण मानतात, याचा शोध अजून लागायचा आहे.

वेदकाळातल्या लोकांची या अंधाराशी जास्त घसट होती. अमावस्येला अगदी पुसट कोर उरली असेल तर त्या अवस्थेला सिनीवाली म्हणायचे आणि काहीच दिसत नसेल तर कुहू. दोन्ही देवता. अग्निहोत्र ठेवणाऱ्याला दर अवस-पुनवेला इष्टी करावी लागे, म्हणजे अमावस्या हा त्याच्या कामाचा दिवस होता, टाळाटाळीचा नव्हे. ऋग्वेदात सिनीवालीकडे मागणे काय मागितले आहे? संतती. आणि आपण पुढे काय केले? त्याच सिनीवालीवर मूल जन्मले तर त्याची शांती करून घेऊ लागलो. सिनीवाली शांती वेगळी, कुहू शांती वेगळी, दर्श शांती वेगळी. जिने मूल द्यायचे तिच्याच दारात मूल आले तर गुरुजींना बोलवायचे, असा हा व्यवहार आहे. अलीकडे तर शस्त्रक्रियेने बाळंतपण करायचे असले की आजोबा पंचांग घेऊन डॉक्टरांसमोर बसतात. डॉक्टर भूल देणाऱ्याची वेळ सांगतात, आजोबा चंद्राची सांगतात. शेवटी दोघे मिळून बाळाची वेळ ठरवतात. बाळाला कोणी विचारत नाही.

फलज्योतिषाचे म्हणणे असे की चंद्र हा मनाचा कारक. अमावस्येला तो सूर्याच्या इतका जवळ असतो की अस्तंगत होतो, त्याचे पक्षबळ संपते, आणि एरवी शुभ ग्रहांत बसणारा हा गृहस्थ क्षीण झाल्याबरोबर पापग्रहांच्या पंगतीत जाऊन बसतो. म्हणून त्या दिवशी माणसांची मने थाऱ्यावर नसतात. आमची आत्या महिनाभर भांडते, पण अमावस्येला भांडली की काका म्हणतात, "जाऊ दे, आज तिथीच तशी आहे." आत्याला याचा भयंकर राग येतो. तिचे म्हणणे, "मी तुमच्यामुळे भांडते. त्यात त्या चंद्राला कशाला ओढता?" फलज्योतिषावरची इतकी रोखठोक टीका मी अन्यत्र वाचलेली नाही.

या विषयावर मोबाइलवर फिरणारा एक शास्त्रीय मजकूर तुम्हालाही येत असेल. समुद्राला अमावस्येला उधाण येते, माणसाच्या शरीरात सत्तर टक्के पाणी असते, सबब माणसालाही उधाण येते. पहिला भाग खरा आहे. अमावस्येला चंद्र आणि सूर्य एकाच बाजूने ओढतात. त्यात चंद्राची ओढ सूर्याच्या दुपटीहून थोडी जास्त, म्हणून पाणी खूप चढते. कोळीवाड्यात शाळेत न गेलेल्या म्हातारीलाही अवस-पुनवेचे उधाण आणि अष्टमीचा भांग तोंडपाठ असतो. जाळे कधी टाकायचे ते त्यावर ठरते. पण तेवढेच उधाण पौर्णिमेलाही येते, आणि पौर्णिमेला आपण सत्यनारायण घालतो. शिवाय ही ओढ जाणवायला समुद्राएवढा पसारा लागतो. चहाच्या कपात भरती येऊन बशी भरल्याचे उदाहरण नाही. आपल्या पोटाचा घेर कितीही वाढला तरी त्या हिशोबाने तो कपातच जमा धरावा लागेल.

खरी गंमत पुढेच आहे. अमावस्या अशुभ, नवे काम नको, पैशाचा व्यवहार नको, असे वर्षभर म्हणणारा मराठी माणूस वर्षातले सर्वांत मोठे पैशाचे काम कोणत्या दिवशी करतो? आश्विन अमावस्येला. लक्ष्मीपूजन, चोपड्यांची पूजा, तिजोरीला हळदकुंकू, फटाके, झगमगाट. आणि ग्रहांची त्या दिवशीची स्थिती पाहा. चंद्र तर अमावस्येमुळे संपलेलाच. पण आश्विन महिन्यातच तूळसंक्रांत येत असल्यामुळे त्या रात्री सूर्यही तूळ राशीत असतो, आणि तूळ ही सूर्याची नीच रास. थोडक्यात, आकाशातले दोन्ही दिवे पार गेलेले आहेत, आणि नेमके तेव्हाच आपण म्हणतो, ये बाई लक्ष्मी, आत ये. कोणत्याही ज्योतिषाने कोणत्याही यजमानाला अशा ग्रहमानात चहाची टपरीसुद्धा टाकू दिली नसती. पण लक्ष्मीचे कारण निघाले की शास्त्र समजूतदार होते. शेअरबाजारसुद्धा एरवी दिवाळीची सुट्टी घेतो आणि मुहूर्ताच्या सौद्यांसाठी तेवढा तासभर उघडतो.

२०२४ मध्ये या अमावस्येने फारच ताणून धरले. ती ३१ ऑक्टोबरला दुपारी चारच्या आसपास लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास सुटली. लक्ष्मीपूजन प्रदोषकाळी करायचे. मग ३१ ला, की १ ला? उत्तरेत बहुतेकांनी ३१ धरली. महाराष्ट्रातल्या बहुतेक पंचांगांनी १ नोव्हेंबर दिली, कारण सूर्यास्तानंतर थोडी का होईना, अमावस्या त्याही दिवशी होती. मुंबई-पुण्यात ही ‘थोडी’ म्हणजे जेमतेम दहा-पंधरा मिनिटे. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ लिहिला, तेव्हा दोन दिवसांत विभागलेल्या तिथीचे काय करायचे याचा त्यांनी बारीक काथ्याकूट केलेला आहे. मात्र फराळ आधीच संपलेल्या घरात दिवाळी आणखी एक दिवस कशी ओढायची, हा भाग त्यांनी यजमानीणबाईंवर सोडलेला दिसतो. त्या वर्षी मुहूर्ताचे सौदे १ तारखेला सहा ते सात झाले. पहिली पंधरा-सोळा मिनिटे अमावस्या, उरलेला वेळ प्रतिपदा. ज्यांचा तोटा झाला त्यांनी आपण कितीव्या मिनिटाला खरेदी केली ते तपासून पाहावे.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींची त्या वर्षी आणखी बहार झाली. आपल्याकडची संध्याकाळची सव्वासहा म्हणजे न्यू जर्सीत सकाळचे पावणेनऊ. १ नोव्हेंबरला तिथे संध्याकाळ व्हायच्या कितीतरी आधी अमावस्या संपलेली. म्हणून लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी. ३१ ऑक्टोबर म्हणजे हॅलोविन. एकीकडे उंबरठ्यावर रांगोळीने लक्ष्मीची पावले काढलेली, आणि दुसरीकडे दारात हडळ, सांगाडा आणि रक्त ओकणारा एक छोटा पिशाच्च अशी तीन पोरे गोळ्या-चॉकलेट मागत उभी. अमावस्येच्या रात्री भुते दारात येतात हे आजी सांगत असे, त्याचा पुरावा इतक्या लांब मिळाला. काही घरांतून त्यांना करंज्या दिल्या गेल्या असतील तर त्या भुतांची त्या रात्री चांगली सोय झाली म्हणायची.

वर्षाच्या बारा अमावस्यांत खाण्यापिण्याशी संबंध नसलेली शोधून काढणे अवघड आहे. मार्गशीर्षातली वेळ अमावस्या घ्या. लातूर, धाराशिव, सोलापूर या भागात तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी शहरे ओस पडतात, कारण अख्खे लातूर शेतात गेलेले असते. ज्याला शेत नाही तो ज्याला आहे त्याच्या शेतात जातो. कडब्याची कोप करायची, पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि बिंदगीभर आंबील. ही भज्जी म्हणजे पुण्या-मुंबईची कांदाभजी नव्हे. शेतात जे जे हिरवे आणि दाणेदार सापडेल ते सगळे चिंच-बेसनात शिजवलेले असते. आंबील दोन तांबे प्यायल्यावर माणूस बाभळीखाली जो आडवा होतो तो उन्हे कलल्यावर उठतो. अमावस्येला काम करू नये, हा नियम इतक्या निष्ठेने इतरत्र पाळला जात नाही. जिल्हाधिकारीही शहाणपणाने स्थानिक सुट्टी देऊन टाकतात.

श्रावणातली पिठोरी ही आयांची. आई डोक्यावर खीरपुरीचे ताट घेते आणि मागे न पाहता विचारते, "अतीत कोण?" मागे उभ्या असलेल्या पोराने "मी" म्हणायचे आणि ताट घ्यायचे. पोरगे परदेशी असले की हा विधी हल्ली व्हिडिओ कॉलवर होतो. आई विचारते, "अतीत कोण?" तिकडून आवाज येतो, "आई, तू दिसत नाहीयेस, कॅमेरा छताकडे आहे." खीरपुरी बाबा खातात. त्याच दिवशी पोळा. एरवी अवसेला नुसती सुट्टी मिळणाऱ्या बैलाला त्या दिवशी झूल, बाशिंग आणि पुरणपोळीही मिळते.

भाद्रपदातली सर्वपित्री म्हणजे पितरांच्या गाडीचा जनरल डबा. ज्यांची तिथी माहीत आहे ते आपापल्या दिवशी आरक्षण करून येतात. ज्यांची कुणाला आठवत नाही, ज्यांच्या वेळी मुलाला रजा मिळाली नाही, ते सगळे या अमावस्येला. धर्मशास्त्रात वर्षाला ९६ श्राद्धे सांगितली आहेत आणि त्यांत प्रत्येक अमावस्या येते. आपण ९६ चे १ वर आणले आणि पितरांनी ते चालवून घेतले, यावरून ते आपलेच पूर्वज आहेत याची खात्री पटते. मात्र पंधरवडाभर गवारीचा भाव असा चढतो की आजोबा हयात असते तर त्यांनीच "एवढी महाग गवार माझ्यासाठी आणू नका" म्हणून दम भरला असता. आणि कावळा! वर्षभर त्याला हुसकावणारी माणसे त्या दुपारी गच्चीवर पान ठेवून ‘काव काव’ करीत हात जोडून उभी असतात. कावळा समोरच्या टाकीवर बसून हे पाहत असतो. त्याला घाई नसते. आणखी सात गच्च्यांवर पाने मांडलेली त्याला दिसत असतात, आणि त्यातल्या एकीवर भरड्याचे वडे आहेत.

राहता राहिली आषाढातली. या अमावस्येला दोन नावे आहेत आणि दोन्ही एकाच घरात नांदतात. सकाळी दीप अमावस्या. माळ्यावरच्या समया, निरांजने, लामणदिवे चिंचेने घासून पाटावर मांडायचे, कणकेचे गोड दिवे करायचे, दिव्यांच्या उजेडाचे आभार मानायचे. सुंदर प्रथा आहे. संध्याकाळी गटारी. उद्यापासून श्रावण, महिनाभर सामिष बंद आणि पेयेही बंद, म्हणून आजच महिन्याची बेगमी. सकाळी ज्या हातांनी समया घासल्या तेच हात संध्याकाळी पिशवी घेऊन मटणाच्या रांगेत. दरवर्षी कुणीतरी तळमळून लिहिते की गटारी म्हणू नका, ही आपली दिव्यांची अमावस्या आहे, संस्कृती जपा. त्या लिखाणाला भराभर अंगठे मिळतात. पुष्कळसे अंगठे रस्सा लागलेले असतात.

उत्तर भारतीयांना या सणाचे कोडे उलगडत नाही, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो. त्यांचा श्रावण पंधरा दिवस आधीच सुरू झालेला असतो. आपल्या आषाढ अमावस्येला एखादा लखनौचा सहकारी कचेरीत फळांचा डबा उघडून बसलेला असतो आणि आपण त्याला विचारत असतो, "मग, आज काय बेत?" तो आपल्याकडे ज्या नजरेने पाहतो ती बरोबरच आहे. एकाच देशातल्या दोन माणसांचा उपवास एकाच वेळी असेल याची हमी आपल्या पंचांगाने कधीच दिलेली नाही.

पण सर्वांत मोठा धक्का तमिळ माणूस देतो. तमिळनाडूत अमावस्या हा चांगला दिवस. सकाळी पितरांना तर्पण करायचे, कावळ्याला भात घालायचा, आणि त्यांचा आशीर्वाद घेऊन नवे काम सुरू करायचे. गाडी घ्यायची, दुकान उघडायचे, करार करायचा. तर्क बिनतोड आहे. घरातली वडीलधारी मंडळी ज्या दिवशी जेवायला आलेली आहेत त्या दिवशी काम सुरू करायचे नाही तर कधी? माटुंग्यात तमिळ आणि मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात. एकाच मजल्यावर, एकाच चंद्राखाली, डावीकडच्या घरात अमावस्या म्हणून नव्या गाडीला हार घातला जातो आणि उजवीकडच्या घरात अमावस्या म्हणून केससुद्धा कापले जात नाहीत. आमच्या ओळखीचे एक तमिळ गृहस्थ मुद्दाम अमावस्येलाच गाडी घेतात. शोरूममध्ये त्या दिवशी मराठी गिऱ्हाईक फिरकत नाही. विक्रेता माशा मारत बसलेला असतो. तो सूटही देतो, सीटकव्हरही देतो, वर कॉफीही पाजतो. ग्रहांचा इतका रोख फायदा मी दुसऱ्या कुणाला झालेला पाहिलेला नाही. आपल्या मंडळींनी चिडून असे म्हणायची सोय नाही की त्यांना शास्त्र कळत नाही. ते आपल्यापेक्षा कडक सोवळे पाळतात.

रात्रीच्या अमावस्येविषयी थोडेच लिहितो, कारण तो विषय नेहमीच गमतीचा राहत नाही. उतारे, करणी, भानामती यांच्या नावाने माणसांची घरे धुळीला मिळाली आहेत. महाराष्ट्राने २०१३ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. कायद्याचे पूर्ण नाव इतके लांब आहे की ते वाचून होईपर्यंत मांत्रिक पळून जाईल. पण कायदा गरजेचा होता. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अमावस्येच्या रात्री स्मशानात जाऊन जेवतात. आजवर त्यांना तिथे डासांखेरीज कुणी त्रास दिल्याचे ऐकिवात नाही. तिठ्यावरचा उताराही हल्ली सकाळपर्यंत टिकत नाही. भात आणि अंडे कुत्री संपवतात, नारळ पहाटे कुणीतरी शहाणा उचलतो. अशा एका शहाण्याला मी विचारले की काही बाधा वगैरे झाली का. "खोबरं जून निघालं," तो म्हणाला. दुकानांवर मात्र लिंबू आणि सात मिरच्या नेमाने बदलल्या जातात. वर कॅमेरा, खाली लिंबू. चोर आला तर कॅमेरा पाहील, नजर लागली तर लिंबू पाहील, आणि मालक आत बसून मोबाइल पाहील.

हे सगळे एकाच दिवशी पाहायची ज्यांना हौस असेल त्यांनी २ ऑगस्ट २०२७ ही तारीख लिहून ठेवावी. त्या दिवशी अमावस्या आहे. वार सोमवार, म्हणून सोमवती. सोमवतीला जेजुरीच्या गडावरून खंडोबाची पालखी कऱ्हेच्या स्नानाला निघते. महिना आषाढ, म्हणून दिव्यांची पूजा. नाशिक-त्र्यंबकच्या सिंहस्थातले पहिले अमृतस्नान त्याच दिवशी ठरले आहे. आणि त्याच दुपारी सूर्यग्रहण. इजिप्तमध्ये लक्झरजवळ सूर्य सहा मिनिटांहून जास्त वेळ पूर्ण झाकला जाईल, आपल्याकडे पश्चिम भारतात खंडग्रास दिसेल. म्हणजे स्नान करायचे, दिवे लावायचे, पालखी गाठायची, वेध पाळायचे आणि शिवाय ती गटारी. सोमवारी सामिष न खाणाऱ्यांची यात मोठी पंचाईत आहे. पण आदला दिवस, १ ऑगस्ट, रविवार आहे. त्यांनी त्या दिवशी सकाळी सातच्या आत रांगेत उभे राहावे. उशिरा येणाऱ्याला नुसता रस्सा मिळेल.